किनाऱ्याची धूप आणि वाळूचा हिशेब

कोचीच्या दक्षिणेस अरबी समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. चेल्लानम हे मच्छीमारांचे गाव तिच्यावर वसले आहे. २०१७ मधील ओखी आणि २०२१ मधील तौक्ते या दोन्ही चक्रीवादळांच्या वेळी समुद्र येथील घरांत शिरला. पुढे केरळ सरकारने सुमारे ३४४ कोटी रुपयांची योजना हाती घेतली आणि सव्वासात किलोमीटर किनाऱ्यावर टेट्रापॉडची, म्हणजे चार पायांच्या अवजड काँक्रीट ठोकळ्यांची, भिंत उभारली. भिंतीमागील कुटुंबांना त्यानंतरचे पावसाळे पुष्कळच सुसह्य गेले. परंतु भिंत जेथे संपते तेथून उत्तरेस, कण्णमालीच्या बाजूला, समुद्राचा मारा वाढल्याची तक्रार घेऊन लोक रस्त्यावर उतरले. भिंत आमच्या दारापर्यंत आणा, ही त्यांची मागणी. ती मान्य झाली तर भिंतीच्या नव्या टोकापलीकडील गावाने काय करावयाचे, हा प्रश्न कोणत्याही मोर्चाच्या फलकावर नसतो. दुर्दैवाने तो शासनाच्या कागदांतही क्वचितच आढळतो.

वाळू अडते कोठे?

किनारा ही स्थिर वस्तू आहे, हा समज या गोंधळाच्या मुळाशी आहे. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात आणि वाळूला काठाकाठाने पुढे नेतात. नद्या नवी वाळू आणून टाकतात. जितकी वाळू जाते तितकीच येत राहिली, तर पुळण जागच्या जागी दिसते. वस्तुतः तो रोज चालणारा जमाखर्च असतो. नदीवर धरणे झाली, खाडीमुखातून वाळूचा उपसा झाला किंवा बंदराची लाटारोधक भिंत आडवी आली, की जमेची बाजू आटते. खर्च मात्र चालूच राहतो. चेल्लानमच्या बाबतीत मच्छीमार बंदराच्या भिंती आणि कोची बंदराच्या जलमार्गातील अखंड गाळउपसा यांच्याकडे बोट दाखविले जाते, ते याच कारणाने.

या व्यवहाराचे सर्वांत बोलके उदाहरण पुदुच्चेरीचे आहे. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर वाळूचा एकूण ओघ दक्षिणेकडून उत्तरेकडे असतो. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे बंदराच्या लाटारोधक भिंती उभ्या राहिल्या. दक्षिणेस वाळूचे ढीग साचले आणि उत्तरेस शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. शहर वाचविण्यासाठी दगडांची भिंत घातली, तेव्हा धूप पुढे सरकून तमिळनाडूच्या हद्दीतील मच्छीमार गावांपर्यंत पोहोचली. विशेष म्हणजे, अडलेली वाळू पंपाने उत्तरेस टाकण्याची व्यवस्था बंदराच्या आराखड्यातच होती. ती नीट चालविली गेली नाही. भिंती बांधल्या गेल्या, कारण बांधकामासाठी भांडवली तरतूद असते. वाळू हलविली गेली नाही, कारण तो दरवर्षी करावयाचा खर्च होता.

न मांडलेला खर्च

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, तो याहून स्पष्ट रीतीने क्वचितच पाहावयास मिळेल. बंदराचा लाभ बंदराच्या ताळेबंदात दिसतो. त्यापायी वाहून गेलेल्या घराची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. मच्छीमाराच्या झोपडीला बाजारात किंमत कमी, म्हणून लाभखर्चाच्या गणितात तिचे संरक्षण परवडत नाही. पुळणीला तर बाजारभावच नाही. वास्तविक होड्या ओढून ठेवण्याची, जाळी विणण्याची आणि मासळी सुकविण्याची जागा तीच. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू खेचून नेते, हे लक्षात घेतले म्हणजे घर वाचविणारी भिंत पुष्कळदा त्या घराचा धंदा हिरावून घेते, हे कळते.

भिंतीला पर्याय म्हणजे माघार. केरळच्या ‘पुनर्गेहम्’ योजनेत भरतीरेषेपासून ५० मीटरच्या आतील १८,६८५ कुटुंबांचे पुनर्वसन अपेक्षित होते. प्रत्येक कुटुंबास जमिनीसाठी सहा आणि घरासाठी चार, असे दहा लाख रुपये देऊ करण्यात आले. आकडा वरकरणी लहान नाही. पण कोचीसारख्या महानगराच्या आसपास सहा लाखांत समुद्राजवळ जमीन कोठे मिळावयाची? आणि समुद्रापासून दहा किलोमीटर आत मिळाली, तर पहाटे होडी लोटण्यासाठी कोणी कसे यावयाचे? अशा वेळी लोक धोक्याच्या घरालाच चिकटून राहतात. त्याला अडाणीपणा म्हणणे हा त्यांच्यावर दुहेरी अन्याय होय.

कोकणचा धडा

हा प्रश्न महाराष्ट्रास परका नाही. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील बदल तपासले. देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा त्यात धूप होत असलेला आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे एकचतुर्थांश आहे. मालवण तालुक्यातील देवबाग हे तर चेल्लानमचे जुळे भावंड शोभावे असे गाव आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. रापण ओढावयाची तर पुळण हवी आणि पर्यटक यावयाचे तरी पुळण हवीच. अशा ठिकाणी केवळ दगड टाकून भागणार नाही, हे उघड आहे.

तरीही कोकणात या विषयाची चर्चा धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या मंजुरीपाशी सुरू होते आणि उद्‌घाटनाच्या फलकापाशी संपते. ज्याच्या उंबऱ्याला पाणी लागले आहे त्याने बंधारा मागावा, यात गैर काही नाही. अभ्यास पूर्ण होईपर्यंत थांबा, असे त्याला सांगण्याचा अधिकारही कोणास नाही. परंतु एका गावाला तातडीचे संरक्षण देताना शेजारच्या गावावर होणारा परिणाम मोजणे आणि त्याची भरपाई त्याच अंदाजपत्रकात धरणे, एवढे तरी शासनाकडून अपेक्षिले पाहिजे.

त्यासाठी योजनेचे परिमाण बदलावे लागेल. ग्रामपंचायतीची किंवा मतदारसंघाची हद्द वाळूला ठाऊक नसते. वाळूचा एक प्रवाह जेथून जेथवर जातो, तेवढा सगळा किनारा एकाच आराखड्यात यावयास हवा. ज्या बंदरामुळे किंवा जेटीमुळे वाळू अडते, त्याच्या चालकाने ती पलीकडे टाकण्याचा वार्षिक खर्च सोसला पाहिजे. पुदुच्चेरीत २०१८ नंतर पाण्याखालील कृत्रिम बांधाच्या आधाराने पुळणीचा काही भाग परत आला. म्हणजे उपाय नाहीत असे नाही. मात्र त्यांना अखंड देखभाल लागते. जेथे संरक्षण शक्य नाही, तेथे तसे आजच उघडपणे सांगावे, पुनर्वसनाची रक्कम स्थानिक जमिनीच्या भावाशी जोडावी आणि होड्यांसाठी किनाऱ्यावरील जागा सामाईक मालकीची म्हणून राखावी.

पैशाचा मार्ग अगदीच बंद नव्हता. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी धूप रोखण्याकरिता १,५०० कोटी आणि धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाकरिता १,००० कोटी रुपयांची शिफारस केली होती. एवढ्या मोठ्या देशाला ही रक्कम तुटपुंजी आहे. पण पुनर्वसन हा धुपीच्याच खर्चाचा भाग आहे, हे तत्त्व तिच्यामुळे मान्य झाले. वादळाची भरपाई मिळते, कारण वादळाला दिवस असतो, नाव असते. दरवर्षी हातभर जमीन गमावणाऱ्या गावाला पंचनाम्यासाठी तारीख सांगता येत नाही. त्याचे नुकसान मोजण्याची रीत शासनाने बसविली पाहिजे. ती बसत नाही तोवर प्रत्येक नवा बंधारा पुढच्या गावाच्या नावावर कर्ज चढवीत राहील.