मांजराचा पट्टा सुटणाराच हवा

मेहरूणच्या गल्ल्यांत फिरताना मांजरांच्या गळ्याकडे बघायची आम्हाला सवयच लागली आहे. एखाद्या मांजराच्या गळ्यात नजर लागू नये म्हणून काळा दोरा असतो, एखाद्याच्या गळ्यात जुन्या ओढणीची किनार. अलीकडे दुकानातला लाल पट्टाही दिसतो, घुंगरू लावलेला. मुलांना हौस असते आणि आपलं मांजर शेजाऱ्यांना ओळखू यावं असं मोठ्यांना वाटतं. दोन्ही गोष्टी रास्तच आहेत. पण मांजर कुठे अडकलं, तर या तिन्हींपैकी एकही वस्तू बहुधा आपणहून सुटत नाही.

मेहरूणची बोरं जळगावबाहेरही प्रसिद्ध आहेत. बोरीचा काटा कसा असतो हे इथल्या लेकरांना शिकवावं लागत नाही. जोडीने येतात, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा. चिमणीमागे झाडावर चढलेल्या मांजराचा दोरा त्या आकड्यात अडकला आणि त्याने खाली उडी घेतली, तर सगळं वजन गळ्यावर येतं. कुंपणाची तार, खिडकीची जाळी, पत्र्याची कड इथेही हेच होऊ शकतं. कुत्रा जमिनीवर चालतो, म्हणून त्याचा पट्टा धरून ठेवणारा असतो. मांजर चढतं, घुसतं, उडी मारतं. त्याचा पट्टा सोडून देणाराच असला पाहिजे.

इथे एक हदीस आठवते. हजरत अबू बशीर अन्सारी (रजि.) यांच्याकडून बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आली आहे. एका प्रवासात प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) यांनी माणूस पाठवून उंटांच्या गळ्यात बांधलेल्या धनुष्याच्या दोऱ्या कापून टाकायला सांगितलं. नजर लागू नये म्हणून लोक त्या बांधत असत, त्यासाठी ही मनाई असावी, असं इमाम मालिक (रह.) यांचं मत आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांचे शिष्य इमाम मुहम्मद (रह.) यांनी मात्र दुसरं कारण दिलं आहे. जनावर जोरात धावलं की अशा दोरीने त्याचा गळा आवळला जाण्याची भीती असते. आमच्या गल्लीतल्या काळ्या दोऱ्याला ही दोन्ही कारणं लागू पडतात. तो आजच कापावा.

पट्टा घ्यायचाच असेल तर दुकानात ‘ब्रेकअवे’ असं विचारा. त्याचं बक्कल झटका बसला की उघडतं. घरी आणल्यावर दोन्ही बाजू धरून एक हिसका देऊन बघा. सुटला नाही तर परत करा, कितीही सुंदर असो. काही पट्ट्यांत बक्कल साधंच असतं, फक्त एक तुकडा इलॅस्टिकचा असतो. तो घेऊ नये. इलॅस्टिक ताणलं जातं आणि मांजराचा पुढचा पाय त्यात शिरतो. मग तो काखेत रुतून खोल जखम होते आणि ती भरायला फार दिवस लागतात.

सैल पट्ट्यातही पाय असाच अडकतो, कधी अंग चाटताना खालचा जबडासुद्धा. तेव्हा ‘त्रास नको म्हणून ढिला ठेवला’ हे चालणार नाही. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं आडवी जावीत, एवढंच अंतर. घातल्या घातल्या मांजर मान फुगवतं, म्हणून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा बोटं घालून बघावं. पिल्लाची मान महिन्याभरात वाढते, शिवाय त्याच्या वजनाने बक्कल उघडेलच असं नाही. सहा महिन्यांचं होईपर्यंत घाई करूच नये.

आता मांजराला राजी करणं. बहुतेक घरांत इथेच घोळ होतो. एक जण पाय धरतो, दुसरा पट्टा अडकवतो आणि तिसऱ्याच्या हातावर ओरखडे येतात. त्यापेक्षा पट्टा दोन दिवस मांजराच्या झोपायच्या जागेवर नुसता पडू द्यावा. त्याला घरचा वास लागतो. मग भुकेच्या वेळी, मटणाचा बारीक तुकडा पुढे ठेवून, ते खात असताना पट्टा घालावा. मांजर उलटं चालेल, जमिनीला चिकटून बसेल, मागच्या पायाने ओरबाडेल. हसू नये, ओरडूही नये. दोरीचा तुकडा हलवून खेळात गुंतवावं आणि ते शांत असताना पट्टा काढावा. धडपडीत काढला तर धडपडलं की पट्टा निघतो, हेच ते शिकतं. पाय किंवा जबडा अडकला असेल तर मात्र ताबडतोब काढावा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरेत, मग रोज थोडं वाढवावं. आपण घरात नसताना सुरुवातीला घालूच नये.

‘आमचं मांजर ठेवणारच नाही’ हे आम्ही नेहमी ऐकतो. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५३८ मांजरांना पट्टे घातले होते. सहा महिन्यांनंतरही त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मांजरांच्या गळ्यात ते होते. मात्र त्यात काही मांजरांचे पाय किंवा तोंड अडकलेही होते, म्हणून रोज एक नजर हवीच.

घुंगरामुळे पक्षी सावध होतात आणि शिकार कमी होते, हे खरं. मेहरूण तलावाच्या बाजूला राहणाऱ्यांनी त्याचा विचार करावा. पण मोठ्या आवाजाचं घुंगरू रात्रंदिवस कानाखाली वाजत राहणं मांजरालाही नकोसं होतं. नुसत्या ओळखीसाठी आम्ही ते लावणार नाही. पट्ट्यावरच पक्क्या शाईने मोबाईल नंबर लिहावा, लोंबणारा बिल्ला नको.

पिसवांसाठीचा कुत्र्याचा औषधी पट्टा मांजराला कधीही घालू नये. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५च्या वर जातो, तेव्हा दुपारी घरात पट्टा काढून ठेवावा आणि केसांखालची कातडी लाल झाली आहे का ते बघावं.

पट्ट्याला दोरी लावून मांजर खाटेला बांधून ठेवण्याची पद्धतही काही घरांत आहे. मांजर बांधून ठेवलं, खायला दिलं नाही आणि स्वतःचं अन्न शोधायला सोडलंही नाही, त्या बाईची हदीस आपल्याकडे मुलांनाही ठाऊक असते. आम्ही खायला देतो की, असं कुणी म्हणेल. पण बांधलेलं मांजर घाबरून खाटेवरून उडी मारतं तेव्हा सुटणारा पट्टा सुटून जाईल आणि न सुटणारा गळ्याला फास लावील. बाहेर न्यायचं असेल तर झाकणाची, हवा खेळणारी टोपली वापरावी.

सुटणारा पट्टा हरवतो, वर्षाला दोन-तीन लागतात. मुलं रुसतात, पैसेही जातात. घेताना एक जास्तीचा आणून ठेवलेला बरा.