हक्काला मुदत हवी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. भोपाळकरांना ती चढावीच लागली. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडच्या आवारात विषारी कचरा पडून होता. तो हलवावा म्हणून २००४ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयात याचिका झाली. आदेश होत राहिले, कचरा जागेवरच राहिला. अखेर ३ डिसेंबर २०२४ ला न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत दिली आणि अवमान कारवाईची तंबीही. १ जानेवारी २०२५ च्या रात्री सुमारे ३३७ टन कचरा पिथमपूरला निघाला!

आता हवामानबदलाचे पाहा. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सरकारला बजावले, की २०२० अखेर कर्बवायू १९९० च्या तुलनेत २५ टक्क्यांनी घटवा. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०२४ मध्ये, माळढोकाच्या खटल्यात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला. मात्र कर्बवायू घटवण्याची तारीख त्यात नाही.

वाचकहो, अवकाळीने ज्याचे उभे पीक आडवे झाले, त्या शेतकऱ्याने वीस वर्षे तारखा मोजायच्या का? हक्क मिळाला, उत्तम. आता मुदत मागू या.