आधी गोष्ट, मग शुद्धलेखन

गेल्या दिवाळीच्या सुटीत घरची सगळी मंडळी निघोजला जाऊन कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहून आली. संध्याकाळी माझी दुसरीतली पुतणी वही घेऊन धावत आली. "आत्या, मी गोष्ट लिव्हली!" तिने लिहिले होते, 'नदीला लई तहान लागली. मंग तिनं दगडात रांजन केलं. उन्हाळ्यात ती त्यातलं पानी पिती.'

मराठी विषय घेऊन पदवीची परीक्षा देणाऱ्या तिच्या आत्याने काय केले? लाल पेन काढले! 'लई' खोडून 'खूप', 'रांजन'चे 'रांजण', 'पानी'चे 'पाणी' केले. दुष्काळी पारनेरच्या लेकराला नदीचीही तहान दिसली, हे मात्र मला दिसले नाही. त्यानंतर कित्येक दिवस तिने मला वही दाखवली नाही.

मग शुद्धलेखन नकोच का? हवेच; पण त्याची वेळ नंतरची. मूल आधी ऐकते, मग बोलते आणि त्यानंतर लिहिते. घरातली बोली हेच त्याचे भांडवल. तेच चुकीचे ठरवले, तर त्याने लिहावे कशाच्या जोरावर?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्यातूनच अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. शिंपले, खडे, पाने हीच त्यांची साधने. मुलाजवळ जे आहे तेथून आरंभ करावा, हा त्यांचा धडा लेखनालाही लागू नाही काय?

उपाय साधा आहे. ज्याला अजून लिहिता येत नाही त्याने सांगावे. मोठ्यांनी ते जसेच्या तसे लिहून घ्यावे आणि त्याला वाचून दाखवावे. आपलेच बोलणे कागदावर उतरते हे एकदा कळले, की मुलाला अक्षरांची गोडी लागते.

मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावातले रस्ते झाडतो, बंधारे बांधतो. यंदा संध्याकाळचा एक तास तिथल्या मुलांच्या गोष्टी लिहून घेण्यासाठी ठेवावा, अशी गुरुजनांना व आपणा सर्वांना माझी विनंती आहे.

परवा पुतणीला म्हटले, "पुढची गोष्ट सांग ना." ती म्हणाली, "आदी ते लाल पेन ठिव."

मी ते ठेवून दिले आहे.