बिबट्या आणि ‘शिरकाव’

२०२४ च्या एप्रिलमध्ये कुंभकोणमच्या पूर्वेकडील मयिलाडुतुरै नगरात बिबट्या दिसला. पिंजरे लागले, परिसरातील शाळांना सुटी मिळाली. तो मात्र हाती आला नाही, आणि पुढे अरियलूर जिल्ह्यात तो दिसल्याच्या वार्ता आल्या. कावेरीच्या या भातशेतीच्या प्रदेशात बिबट्या अपूर्वच. तेथे ‘वस्तीत शिरला’ हे क्रियापद यथार्थ म्हणता येते. मराठी वृत्तपत्रे मात्र हेच क्रियापद जुन्नर-अकोल्याच्या उसातील बिबट्यालाही सरसहा लावतात, आणि तेथे ते खोटे ठरते.

विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांचा अकोले परिसरातील अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दाट लोकवस्तीच्या त्या शेतीपट्ट्यात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. हे वाट चुकलेले पाहुणे नव्हेत. त्यांची पिले उसातच वाढतात आणि त्यांच्या आहारात मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा असतो.

शिरलेल्यास बाहेर काढावे, हा निर्णय त्या क्रियापदातच दडलेला आहे. जुन्नर भागात २००१ पासून बिबटे पकडून दूर सोडण्याची मोहीम झाली, आणि माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. २००९ साली माळशेज घाटात सोडलेला एक नर तर शंभराहून अधिक किलोमीटर चालत मुंबईलगतच्या वनात पोहोचला. संशोधकांनी त्याचे नाव ठेवले ‘आजोबा’. नात्याचा शब्द सुचला, हे लक्षणीय आहे.

बोलीत बिबट्याही ‘वाघ’च, तमिळमध्येही ‘सिरुत्तैप्पुलि’ म्हणताना तो वाघाच्याच, म्हणजे ‘पुलि’च्या, कुळात बसतो. वाघोबाचे ठाणे दोघांचेही असते. या पूजेला निसर्गप्रेम म्हणण्याची अभ्यासकांना हल्ली सवय जडली आहे. ती बरी नव्हे. वाघबारशीचा नैवेद्य भीतीपोटी केलेला करार आहे. गुरे राखणाऱ्याला तो परवडतो म्हणून टिकला. ज्या घरातले मूल गेले, त्या घराला सहजीवनाचे गोडवे ऐकवणे हा केवळ उद्धटपणा होय.

तरीही ‘वाघ येऊन गेला’ या गावातल्या वाक्यात जे ज्ञान आहे, ते ‘शिरकाव’ या वृत्तपत्री शब्दात नाही. येणारा पुन्हा येणार, हे त्यात गृहीत असते. म्हणून गोठ्याला दार लागते, मूल अंधारात एकटे सोडले जात नाही. मराठीच्या अभ्यासकांनी देवतांच्या नावांबरोबर ही क्रियापदेही टिपायला हवी होती. ते काम अकोल्यात आणि जुन्नरात अजून करता येण्याजोगे आहे.