ठेक्यावर भांग, दवाखान्यात मौन

गाझियाबादमध्ये भांग मिळवायला फारसं काही करावं लागत नाही. सरकारी परवान्याच्या ठेक्यावर पैसे टाकायचे आणि गोळा घेऊन निघायचं. रक्तदाब आहे का, दुसरं कुठलं औषध चालू आहे, गाडी चालवणार का, असं कोणी विचारत नाही. याच झाडापासून केलेलं, मोजून दिलेलं औषध सायटिकाला चालेल का, हे मात्र फौजीने दवाखान्यात विचारून बघावं. समोरचा माणूस कागदावरची मान वर करत नाही.

माझ्या जुन्या पलटणीतले एक सुभेदार साहेब निवृत्तीनंतर मुलाकडे इंदिरापुरमला आले होते. साताऱ्याकडचा माणूस. अर्धं आयुष्य पाठीवर पिठ्ठू, उरलेलं ट्रकच्या फळीवर बसून डोंगरातले रस्ते. कमरेची चकती सरकलेली, कुल्ल्यातून निघालेली कळ पोटरीवरून थेट अंगठ्यापर्यंत. "साहेब, गोळीने नुसती गुंगी येते, कळ तिथंच," म्हणाले. शेजाऱ्याने ठेक्यावरचा गोळा आणून दिला. तासाभरात काही जाणवलं नाही म्हणून त्यांनी आणखी अर्धा खाल्ला. रात्री बाथरूममध्ये पडले. हाड वाचलं, एवढंच. पोटात गेलेली भांग चढायला कधी दोन तास घेते आणि प्रिगॅबालिनच्या गुंगीत तिची गुंगी मिसळते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? 'नशेडी' ठरण्याच्या भीतीने त्यांनी विचारलंच नव्हतं.

कायदा म्हणाल तर मोठा गमतीचा आहे. १९८५च्या एनडीपीएस कायद्यात चरस आणि गांजा, म्हणजे राळ आणि फुलोरा, गुन्हा. नुसती पानं त्या व्याख्येबाहेर, म्हणून भांग राज्यांच्या हाती. उत्तर प्रदेश ती विकतो. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली तीच विनापरवाना बाळगणं गुन्हा. म्हणजे इथून पिशवीत टाकून साताऱ्याला निघालेला माणूस वाटेत कुठेतरी आरोपी होतो. आणि डिसेंबर २०२० मध्ये व्हिएन्नात, गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा प्रस्ताव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारताचं मत बाजूने होतं. बाहेर शहाणपण, घरात मौन.

दुसरी बाजूही मला तितकीच छळते. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतं: शंकराचा प्रसाद, आयुर्वेदातली विजया, अपाय कसला? अहो, आयुर्वेदानेच विजयेला उपविषांत बसवलंय आणि शोधन केल्याशिवाय वापरू नका म्हटलंय. औषध कायद्याच्या ई-१ अनुसूचीतही ती आहे, म्हणजे वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायची. दोन मिनिटांच्या फोनवर चिठ्ठी देऊन तेलाची बाटली घरपोच पाठवणाऱ्याला मी देखरेख म्हणत नाही.

मग ती कळ थांबवते का? थोडंफार, काहींची, कदाचित. तेल अवीवमध्ये सायटिकाच्या १५ पुरुषांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. टीएचसीच्या एका मात्रेने वेदना खोट्या औषधापेक्षा जास्त कमी झाल्या. पंधरा माणसं म्हणजे दोन सेक्शनही नव्हेत. ब्रिटनची नाइस ही संस्था जुनाट वेदनेसाठी हे औषध द्यायला नको म्हणते. पण तीच संस्था सायटिकासाठी प्रिगॅबालिन, गॅबापेन्टिनही नको म्हणते, आणि आपल्या माणसांच्या पिशवीत त्याच गोळ्या भरलेल्या असतात! फरक इतकाच की त्या पाकिटावर ७५ मिलिग्रॅम छापलेलं असतं. ठेक्यावरच्या गोळ्यात किती टीएचसी आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

वर्दीत असलेल्यांना माझं उत्तर एका शब्दात: नाही. हातात हत्यार आहे, आणि आर्मी अ‍ॅक्टचं ४८वं कलम नशेचं कारण विचारत नाही. निवृत्तांनो, तुम्ही डॉक्टरांच्या संमतीने घेणारच असाल, तर बॅचचा प्रयोगशाळा अहवाल असलेलंच घ्या, टीएचसी आणि सीबीडी किती ते वाचून. ओढू नका. रात्री, अगदी कमी मात्रेने सुरू करा, त्या रात्री दुसरी मात्रा नाही, दारू नाही, दुसऱ्या दिवशीही गुंगी असेल तर स्टिअरिंगला हात नाही. हृदयविकार असेल, घरात कोणाला मानसिक आजार असेल, तर या वाटेला जाऊच नका. वॉरफेरिन घेत असाल तर सीबीडीने त्याचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. आणि मांड्यांमधला भाग बधिर झाला, लघवीवरचा ताबा गेला, पाऊल उचलेनासं झालं, तर भांगही नको नि तेलही नको. त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.

आता मागणी. ईसीएचएसच्या प्रत्येक पॉलिक्लिनिकमध्ये पाठदुखीच्या रुग्णाला भांग, विजया, तेल यांपैकी काही घेता का, हे सरळ विचारावं, आणि 'हो' म्हणणाऱ्याच्या कागदावर शेरा न मारता मात्रा लिहून घ्यावी. लष्करी हॉस्पिटलांत वर्षानुवर्षांच्या नोंदी असलेले हजारो कंबरमोडे पडून आहेत. जम्मूत सीएसआयआरची संस्था संशोधनासाठी गांजा पिकवते. हे झाड सरकारचंच, हे रुग्णही सरकारचेच, मग योग्य चाचणी कोणी अडवली आहे?