घरोघरी विज्ञान : न दिसणारा उजेड

आजाऱ्याची विचारपूस, म्हणजे इयादत, आपल्या घरांत नेमाने होते. फळे घेऊन जायचे, पलंगाशेजारी थोडा वेळ बसायचे, दुवा करायची, चहा घेऊन निघायचे. आम्हीही चिंचवडला आमच्या खालांच्या घरी दोन वर्षे असेच जात होतो. त्यांचा मधला मुलगा चाकणच्या एका कारखान्यात फिटर होता. रात्रपाळी संपवून मोटरसायकलवरून येताना अपघात झाला आणि मानेच्या मणक्याला मार लागला. हातापायांतली ताकद गेली. मान मात्र फिरते, बोलणे साफ आहे आणि डोके पहिल्यासारखेच चालते.

एकदा निघताना तो म्हणाला, "भाईजान, पुढच्या वेळी सफरचंदे आणू नका. माझे मेसेज माझे मला वाचता येतील, असे काहीतरी करा."

आम्ही म्हणालो, "फोनशी बोलून सगळे करता येते की आता."

"येते. पण मी बोललेले सगळे घर ऐकते."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन शोध घेतला, तेव्हा कळले की मान हलवून संगणकाचा माउस चालवता येतो आणि त्यासाठी फार पैसेही लागत नाहीत. अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजमध्ये तयार झालेले 'कॅमेरा माउस' नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. साधा वेबकॅम चेहऱ्यावरची एक खूण, समजा नाकाचा शेंडा, धरून ठेवतो आणि नाक जिकडे वळेल तिकडे बाण सरकतो. कुणाला गरज असेल, तर आधी हेच करून पाहावे. कॅमेरा उघडण्याची वेळच कदाचित येणार नाही.

आमच्यावर मात्र ती आली, आणि त्याची कारणे दोन होती. मगरिबनंतर खोलीतला उजेड मंद झाला की कॅमेऱ्याला नाक सापडेना. दुसरे कारण खुद्द खाला. त्या म्हणाल्या, "याच खोलीत मी त्याचे अंग पुसते, कपडे बदलते. मुली ये-जा करतात. चोवीस तास डोळा उघडा ठेवून बसणारी वस्तू इथे नको."

खालांचे म्हणणे रास्त होते. आता असा कॅमेरा हवा होता, ज्याला मान कुठे वळली ते कळेल, पण माणूस दिसणार नाही.

सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर'मध्ये मांडले की डोळ्यांतून किरण बाहेर पडत नाहीत. वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यांत शिरतो, म्हणून आपल्याला दिसते. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशावरही त्यांनी प्रयोग केले. अशा अंधाऱ्या खोलीवरूनच 'कॅमेरा' हे नाव आले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खोली असाच आहे, आणि आपला 'कमरा'ही पोर्तुगीजांमार्फत त्याच शब्दावरून आला. पुढे १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या सात रंगांच्या पट्ट्याजवळ थर्मामीटर ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे काहीच दिसत नव्हते, पण पारा तिथेही चढला. तो न दिसणारा उजेड म्हणजे अवरक्त, बोलीत इन्फ्रारेड.

घरातल्या मुलांना तो आज रात्रीच दाखवा. टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही. पण बहुतेक मोबाइलच्या पडद्यावर जांभळट ठिपका चमकतो. कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला हा उजेड मुळातच दिसतो. त्याने फोटोचे रंग बिघडतात, म्हणून कंपन्या भिंगामागे एक पातळ काच बसवून तो अडवतात. आम्हाला याच्या उलटे करायचे होते. इन्फ्रारेड आत येऊ द्यायचा आणि साधा उजेड अडवायचा.

लॉकडाऊनच्या शाळेसाठी घेतलेला एक जुना वेबकॅम घरात पडून होता. त्याचे भिंग हाताने फिरवून फोकस होणारे होते, ते सोयीचे पडले. भिंग पूर्ण फिरवून बाहेर काढले. त्याच्या मागच्या बाजूला लालसर झाक मारणारी चौकोनी काच होती. ती ब्लेडच्या टोकाने उचकटली. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवा, काचेचे कण उडतात. आणि आतल्या चिपला बोट लागता कामा नये. आता साधा उजेड अडवायचा पडदा हवा होता. तो खालांच्या ट्रंकेत निघाला. लग्नाच्या रंगीत फोटोंच्या निगेटिव्ह त्यांनी जपून ठेवल्या होत्या. रोल कॅमेऱ्यात भरताना उजेड लागून काळे पडलेले टोक आम्ही कापून घेतले. त्या काळ्या पट्टीतून आपल्याला जवळजवळ काही दिसत नाही. पण रंगीत फिल्ममधले रंग इन्फ्रारेडला अडवत नाहीत. त्याचे दोन तुकडे एकावर एक ठेवून भिंगामागे बसवले आणि फोकस नव्याने लावला.

डोक्यावर खुणा हव्यात. पहिल्यांदा टोपीवर तीन इन्फ्रारेड एलईडी लावले. दर दोन तासांनी त्याला कूस बदलून द्यावी लागते. तेवढ्यात वायर ओढली जाई. मग दिवे टोपीवरून काढून कॅमेऱ्याभोवती लावले आणि टोपीवर चमकणाऱ्या पट्टीचे तीन तुकडे चिकटवले. टेम्पोच्या मागे आणि कारखान्यातल्या सेफ्टी जॅकेटवर असते, तीच ही पट्टी. तिच्यात रेडियम नसते, तरी सगळे तिला रेडियमच म्हणतात. जिकडून उजेड येतो तिकडेच ती तो परत धाडते. ठिपके तीन का? एकच असता, तर तो उशीवरून जरा घसरला तरी बाण पळाला असता. तीन ठिपक्यांच्या आपसातल्या अंतरांवरून मान वळली की नुसते अंग सरकले, हे सॉफ्टवेअरला कळते. हे काम 'ओपनट्रॅक' नावाचे फुकट सॉफ्टवेअर करते. विमान आणि ट्रक चालवण्याचे गेम खेळणारी मुले ते वापरतात.

कॅमेऱ्याची उजेड घेण्याची पातळी कमी केल्यावर पडद्यावर राहिला नुसता काळोख आणि तीन पांढरे ठिपके. खाला स्वतः समोर उभ्या राहिल्या, पदर हलवून पाहिला. काही दिसले नाही. तेव्हा कुठे त्यांनी परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून ऊन आले आणि ठिपके हरवले. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो. जाड पडदा लावून तेही सुटले. बाण एका जागी थोडा वेळ थांबला की आपोआप क्लिक होईल, असे वेगळे सॉफ्टवेअर घातले. अक्षरांसाठी पडद्यावरचा कीबोर्ड आहे.

दोन गोष्टी बजावून सांगायच्या आहेत. हा उजेड दिसत नसल्याने डोळे आपसूक मिटत नाहीत. म्हणून दिवे कमी ताकदीचे घ्यावेत आणि चेहऱ्यापासून लांब ठेवावेत. दुसरी गोष्ट अमानतीची. काच काढलेला कॅमेरा गैरवापरालाही हाताशी येतो. १९९८ मध्ये सोनीच्या काही व्हिडिओ कॅमेऱ्यांतून पातळ कपड्यांआरपार दिसते असा बोभाटा झाला आणि कंपनीला त्यांत बदल करावा लागला. आमच्याही कॅमेऱ्यात उजेडाची पातळी वाढवली, तर चेहरा धूसर उमटेल. म्हणून खालांचा नियम आहे : अंग पुसायच्या वेळी केबल काढून ठेवायची.

चाकणला बनणाऱ्या आणि २०२४ च्या अखेरीस आलेल्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांत चालकावर लक्ष ठेवणारा कॅमेरा मिळतो. रात्रीही मान आणि डोळे टिपता यावेत म्हणून असे कॅमेरे सहसा इन्फ्रारेडच वापरतात. ज्या पट्ट्यात या गाड्या जोडल्या जातात, त्याच पट्ट्यातल्या वस्त्यांत अपघाताने पलंगाला खिळलेली माणसेही आहेत. आपल्या मोहल्ल्यात असे कुणी असेल, तर आयटीआयला किंवा इंजिनिअरिंगला जाणाऱ्या एखाद्या मुलाला इयादतीला सोबत घेऊन जा. काय हवे, ते आजाऱ्यालाच विचारू द्या.

सगळे जुळले त्या संध्याकाळी आम्ही कौतुकाने पलंगाशी उभे होतो. त्याने मान जरा डावीकडे वळवली, बाण मेसेजच्या खिडकीवर थांबला. मग तो आमच्याकडे पाहून म्हणाला, "भाईजान, आता जरा बाहेर बसता का?"

आम्ही बाहेर येऊन बसलो. खाला चहा घेऊन आल्या, त्याही आत गेल्या नाहीत.