घिसाडघाई नेमकी कुणाची?

मंडळी, आज जरा भांडायला बसलो आहे. पस्तीस वर्षे मुलांना मराठी शिकवली, त्यामुळे शब्दांवरून भांडायची खोड काही जात नाही. आजचा शब्द आहे 'घिसाडघाई'.

वर्तमानपत्र उघडा. विधेयक घिसाडघाईने मंजूर झाले, रस्ता घिसाडघाईने केला आणि पहिल्याच पावसात उखडला. काम उरकले पुढाऱ्याने, पैसे घेतले ठेकेदाराने आणि त्या शब्दात नाव ऐकू येते घिसाड्याचे! घिसाडी म्हणजे फिरता लोहार. महाराष्ट्रात ही जमात भटक्या जमातींच्या यादीत आहे. गावचा लोहार बलुतेदार, त्याला सुगीला धान्य ठरलेले. घिसाडी आज या गावात तर उद्या त्या गावात. फाळ शेवटायचा, विळ्याला धार लावायची, कोयता घडवायचा आणि पाल उचलायचे.

त्याची घाई कसली असते ते एकदा उभे राहून पाहा. लोखंड भट्टीतून निघते तेव्हा नारिंगी असते. पातळ पाते ऐरणीवर आले की बघता बघता काळवंडते. तेवढ्यात घाव बसले तर आकार येतो. थंड झाल्यावर मारत राहिलात तर पात्याला चीर जाते. नवरा सांडशीत पाते धरून फिरवतो आणि समोर उभी बायको घण घालते. घण पाच-सहा किलोचा. एक घाव चुकला तर हात जायचा. ही घाई म्हणजे उरकाउरकी नव्हे, वेळेवर हुकमत आहे.

आणि पुढचे काम तर घाईचे नाहीच. हत्याराला पाणी द्यायचे असते. लालबुंद पाते बुडवले की ते काचेसारखे कडक होते, आणि काचेसारखेच फुटतेही. म्हणून ते घासून पुन्हा हलकेच तापवतात. २३० अंशांच्या आसपास त्यावर गवतासारखा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या जवळपास निळा. धार टिकायला हवी असेल तर पिवळ्यावर थांबायचे, घाव सोसायला हवा असेल तर पुढे जायचे. त्या माणसाकडे थर्मामीटर नाही. डोळा आहे.

आता दुसरी बाजू. आमच्या एका पुतण्याला ट्रेकिंगचा नाद. त्याने इंटरनेटवरून एक कॅम्पिंगचा सुरा मागवला. हाताने घडवलेला, वर चामड्याचे म्यान. किंमत साडेआठ हजार रुपये. सुरा देखणा आहे, त्यात वाद नाही. सोबतच्या कार्डावर पोलादाचे नाव आहे ५१६०. या जातीच्या पोलादापासून मोटारीच्या कमानी बनतात. आणि आपला घिसाडी कोयता कशाचा करतो? भंगारात घेतलेल्या ट्रकच्या कमानपाट्याचा! त्याच कुळातले पोलाद, तोच घण, तीच भट्टी. एकाचे साडेआठ हजार बिनतक्रार मोजले जातात. दुसरा चारशे सांगतो, तर मोटारीतून उतरलेली माणसे "दोनशेला दे" म्हणून अर्धा तास घालतात.

पुतण्याचे म्हणणे, "काका, क्वालिटीचा फरक असतो." असतो, मान्य. भंगारातल्या पाट्यात आधीच बारीक चीर असू शकते, आणि डोळ्याने दिलेले पाणी कधी कमी-जास्त होते. पण नवी पट्टी घ्यायला भांडवल लागते आणि अंदाज पक्का व्हायला एका जागी भट्टी लागते. ज्याला गावाबाहेर चार दिवस पाल ठोकू देत नाहीत आणि ज्याच्या मालाचे निम्मे पैसे घासाघिशीत जातात, त्याने भांडवल आणायचे कुठून?

दुसरा युक्तिवाद म्यानाचा. "फिनिशिंग बघा!" बघितले. पण चामडे ओल धरते, आणि पावसाळ्यात त्यात पाते तसेच ठेवले की गंजते. कोकणातला माणूस कमरेला लाकडी आकडी बांधतो आणि कोयता उघडाच अडकवतो. हात मागे नेला की मूठ हातात, आणि वारा लागून पाते कोरडे. हजारो पावसाळे पाहिलेल्या प्रदेशाची ती अक्कल आहे. तिला कार्ड नाही, एवढेच.

गंमत म्हणजे हिंदुस्थानी पोलादाचे महत्त्व परक्यांना कळले होते. दक्षिणेतले 'वुट्झ' पोलाद पार इराणपर्यंत जात असे. मायकेल फॅरेडेने १८१९ साली त्याचे पृथक्करण केले, ते का इतके चांगले हे शोधायला. फॅरेडे स्वतः लोहाराचा मुलगा. तिकडे लोहाराचा मुलगा शास्त्रज्ञ झाला, आणि आम्ही लोहाराच्या घाईची शिवी केली.

स्वीडनमध्ये ग्रान्सफॉर्स नावाचा कुऱ्हाडींचा कारखाना आहे. तिथे प्रत्येक कुऱ्हाडीवर ती घडवणाऱ्या लोहाराची आद्याक्षरे उठवलेली असतात. आपल्या कोयत्यावर कुणाचे नाव असते?

तर माझे म्हणणे सरळ आहे. दयेपोटी घिसाड्याकडून काही घेऊ नका, दया त्याने मागितलेली नाही. गरज असेल तेव्हा घ्या, वाईट निघाले तर परत नेऊन सांगा, पण मालाची किंमत मालासारखी द्या. त्याचे नाव विचारा, आणि पात्यावर उठवून द्यायला सांगा. गावात, सोसायटीत ज्यांचा शब्द चालतो त्यांनी भट्टीला कोपराभर जागा मिळवून द्यावी.

आणि पुढाऱ्याने काम उरकले, की 'उरकाउरकी' म्हणा, 'धसमुसळेपणा' म्हणा. मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही. ज्याला तापल्या लोखंडासमोर क्षणभरही चुकायची मुभा नाही, त्याचे नाव निष्काळजी माणसाला देऊ नका.